झीज कोणी सोसायची? रिम ब्रेक आणि डिस्क ब्रेक

सायकलच्या ब्रेकचे काम एकच असते : धावत्या सायकलमधली गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलायची आणि ती उष्णता हवेत सोडून द्यायची. हे घर्षण चाकाच्या कडेला घडवले की तो रिम ब्रेक, आणि चाकाच्या मध्याशी, हबवर बसवलेल्या पोलादी तबकडीवर घडवले की डिस्क ब्रेक. दोन्हींत एक मऊ वस्तू कठीण वस्तूवर दाबली जाते आणि दोन्ही वस्तू थोड्याथोड्या झिजत जातात. ही झीज म्हणजे ब्रेकचा दोष नव्हे. तिच्या मोबदल्यातच सायकल थांबते. त्यामुळे कोणता ब्रेक सायकल लवकर थांबवतो एवढे पाहून तुलना पुरी होत नाही. झीज कोणत्या भागाच्या वाट्याला येते, तो भाग बदलणे किती सोपे आहे आणि झिजल्याचे वेळेत कळते की नाही, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. दुकानातली चर्चा मात्र बहुधा पहिल्याच मुद्द्यावर थांबते.

रिम ब्रेकचे प्रकार अनेक. भारतात कित्येक पिढ्यांनी चालवलेल्या काळ्या, उंच सायकलींना दांडीचा ब्रेक असे. लिव्हर दाबली की लोखंडी दांड्या वर ओढल्या जात आणि रबराचे दोन तुकडे रिमच्या आतल्या, हबकडे तोंड असलेल्या पृष्ठाला टेकत. केबल आल्यावर रबर रिमच्या दोन बाजूंवर दाबू लागले. रोड सायकलवर दुहेरी खिळीचा कॅलिपर रूढ झाला. जाड टायरच्या सायकलींसाठी शिमानो कंपनीने 1996 मध्ये व्ही-ब्रेक बाजारात आणला. त्याचे दोन लांब हात चिमट्याच्या दोन्ही बाजूंना उभे असतात आणि एकच केबल त्यांना जवळ ओढते. रचना इतकी साधी की एका अ‍ॅलन कीवर तो पुरा उघडता येतो. आजही साध्या गिअरच्या सायकलींवर हा ब्रेक सर्रास दिसतो.

डिस्क ब्रेकमध्ये हबवर रोटर बसतो. त्याचा व्यास साधारणपणे 140, 160, 180 किंवा 203 मिलिमीटर आणि नवा असताना जाडी 1.8 मिलिमीटरच्या आसपास असते. चिमट्याच्या डाव्या पायावर बसवलेला कॅलिपर दोन पॅडांमध्ये हा रोटर धरतो. कॅलिपर केबलने ओढला जात असेल तर तो मेकॅनिकल डिस्क, तेलाच्या दाबाने चालत असेल तर हायड्रॉलिक.

खरेदी करताना फसगत होते ती इथे. ‘रिम की डिस्क’ आणि ‘केबल की हायड्रॉलिक’ या दोन वेगळ्या निवडी आहेत. बोलण्यात मात्र त्या एकच धरल्या जातात. डिस्क ब्रेकचे म्हणून जे कौतुक होते, म्हणजे एका बोटाने दाबता येणारी लिव्हर, हवा तेवढाच नेमका दाब आणि पॅड झिजले तरी न बदलणारी पकड, त्यातला मोठा वाटा हायड्रॉलिक यंत्रणेचा आहे. जर्मनीच्या मागुरा कंपनीचे हायड्रॉलिक रिम ब्रेक 1980 च्या दशकापासून मिळतात आणि त्यांनाही हे बरेचसे गुण लागू पडतात. उलट स्वस्त मेकॅनिकल डिस्कमध्ये यातले फारसे काही नसते. केबल आवरणात घासते, बऱ्याच कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो आणि तो रोटरला किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर टेकवतो. गुण दर्शनी तबकडीत नसून ती दाबणाऱ्या यंत्रणेत असतात.

आता बलाचा हिशोब. 700सी चाकाच्या रिमवर पॅड टेकतो ते ठिकाण आसापासून सुमारे 310 मिलिमीटरवर असते. 160 मिलिमीटरच्या रोटरवर पॅडची परिणामकारक त्रिज्या जेमतेम 70 मिलिमीटर भरते. म्हणजे वेग तेवढाच कमी करायचा असेल, तर डिस्कवरचे घर्षणबल रिमवरच्या चौपटीहून जास्त लागते. या दृष्टीने रिम हीच एक प्रचंड व्यासाची डिस्क ठरते आणि तरफेचा फायदा रिम ब्रेकच्या बाजूने आहे. डिस्क ब्रेक ही उणीव भरून काढतो तो पॅड फार मोठ्या दाबाने आवळून. दाब मोठा असल्यामुळे अंतर अगदी कमी ठेवावे लागते. पॅड आणि रोटर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. डिस्क ब्रेकचे बरेच गुण आणि जवळजवळ सगळ्या कटकटी याच दोन गोष्टींतून निघतात.

कोरड्या डांबरी रस्त्यावर कोणता ब्रेक जास्त ताकदीचा, हा वाद बराचसा निरर्थक आहे. सायकल किती जोरात थांबू शकते याची मर्यादा तिथे ब्रेक ठरवत नाही. सायकल आणि स्वार यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण एक मीटरहून अधिक उंचीवर असतो आणि पुढचे चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या सुमारे साठ सेंटिमीटर मागे असतो. या दोन अंतरांच्या गुणोत्तरामुळे मंदन गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या थोडे पुढे गेले की मागचे चाक उचलू लागते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. नीट जुळवलेला साधा व्ही-ब्रेकही ही सीमा सहज गाठतो. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल या मर्यादेत राहून सुमारे पाच मीटरमध्ये थांबते. लिव्हर दाबायला एक सेकंद उशीर झाला तर तेवढ्यातच जवळपास सात मीटर अंतर मागे पडलेले असते. सपाट, कोरड्या रस्त्यावर ब्रेकच्या प्रकारापेक्षा स्वाराची सावधगिरी अधिक मीटर वाचवते.

पावसात चित्र पालटते. रिम जमिनीजवळून फिरते आणि टायरने उडवलेले पाणी व चिखल थेट तिच्यावर येतो. ब्रेक दाबल्यावर पॅडला आधी हे पाणी पुसून काढावे लागते. 700सी चाकाच्या एका फेरीत सायकल 2.1 मीटर पुढे जाते. रिम कोरडी व्हायला तीन फेऱ्या लागल्या तरी सहा मीटर अंतर जवळजवळ ब्रेकविना जाते. हे अ‍ॅल्युमिनियमच्या रिमचे. क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडी रिमवर ओल्या रबराची पकड याहूनही वाईट. जुन्या सायकली पावसात थांबवायला पाय घासावे लागत ते यामुळेच. रोटर रस्त्यापासून बराच वर असतो, त्याच्या भोकांतून व खाचांतून पाणी निघून जाते आणि पॅडचा दाब इतका असतो की पाण्याचा थर क्षणात फाटतो. ओल्यात डिस्क ब्रेक सरस आहे याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तरीही ओल्या रस्त्यावर टायरची पकडच कमी असते. डिस्कचा फायदा ब्रेक लगेच आणि अंदाजाप्रमाणे लागण्यात आहे. घसरण्यापासून तो वाचवत नाही.

दुसरा कसोटीचा प्रसंग म्हणजे घाटाचा उतार. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो वजन धरले, तर ताशी 30 किलोमीटर वेगावरून एकदा थांबताना सुमारे 3,000 ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना उंची साडेपाचशे मीटरहून अधिक कमी होते. तेवढ्या उतारात साडेचार लाख ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा मोकळी होते. तिचा बराच भाग वारा खातो, पण वळणावळणाच्या रस्त्यावर ब्रेक सारखा दाबून धरणाऱ्या स्वाराच्या बाबतीत मोठा हिस्सा ब्रेककडेच येतो. रिम ब्रेकमध्ये ही उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या कड्यात पसरते आणि हवेत जाते. मात्र तीच रिम टायर आणि ट्यूब धरून असते. रिम तापते तशी ट्यूबमधली हवा तापून दाब वाढतो, आणि वजन जास्त असले की टायर फुटण्याचा धोका उभा राहतो. कार्बनच्या रिमला हा धोका अधिक, कारण कार्बनचे धागे बांधून ठेवणारे रेझिन ठराविक तापमानानंतर मऊ पडते आणि रिमची कड वाकते.

रोटर वजनाने हलका असल्यामुळे रिमपेक्षा कितीतरी जास्त तापतो. लांब उतारावर त्याचे तापमान दोनशे अंशांपलीकडे जाऊ शकते आणि पोलाद निळसर पडते. पण तो टायरपासून दूर आहे आणि पोलादाला तेवढी उष्णता सोसते. सोसत नाही ते पॅड आणि तेल. रेझिनचे पॅड अति तापले की त्यांच्यावर काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि पकड जाते. तेलात पाणी शिरलेले असेल तर त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊनही ब्रेक लागत नाही. दोन्ही ब्रेकांवर उपाय एकच आहे : वळणाआधी ब्रेक जोरात दाबायचा आणि मग सोडून त्याला थंड व्हायला वेळ द्यायचा. सतत हलका दाबून ठेवलेला ब्रेक सर्वांत जास्त तापतो.

आता मूळ मुद्दा, झिजेचा. रिम ब्रेकमध्ये पॅड स्वस्त आणि पाच मिनिटांत बदलता येणारा, पण पॅडसोबत चाक झिजते. पावसाळ्यात घाटावरची माती, कोकणातल्या लाल जांभ्याचे कण आणि रस्त्यावरची बारीक खडी रबरात रुतून बसते. मग रबराचा पॅड कानस होऊन अ‍ॅल्युमिनियम खरवडू लागतो. पावसातल्या फेरीनंतर रिमवरून ओघळणारे राखाडी-काळे पाणी म्हणजे रिमचीच पूड असते. पॅड काढून उजेडात धरला तर रबरात चकाकणारे धातूचे कण स्पष्ट दिसतात. ते सुईने टोकरून काढले आणि पॅडवरून पॉलिश पेपर फिरवला की रिमचे आयुष्य बरेच वाढते. हे काम फुकटात होते आणि क्वचितच कोणी करते.

रिमच्या बाजूची भिंत नवी असताना साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ती आतून टायरच्या हवेचा दाब अडवत असते. रोड सायकलच्या टायरमध्ये हा दाब 80 ते 100 पीएसआय असतो. भिंत झिजत झिजत फार पातळ झाली की एखाद्या दिवशी हवा भरताना किंवा जोरात ब्रेक लावताना ती उभी फाटते आणि टायर बाहेर पडतो. बऱ्याच रिमवर यासाठी बारीक खाच किंवा टिंब कोरलेले असते. ते पुसले गेले म्हणजे रिमचे आयुष्य संपले. खूण नसेल तर पट्टीची सरळ कड रिमच्या बाजूला आडवी लावून पाहावी. मध्ये पोकळी दिसली तर रिम खोलगट झाली आहे. नवी रिम घालायची म्हणजे 28, 32 किंवा 36 तारा सोडवून चाक पुन्हा विणायचे आणि त्याचा आऊट काढायचा. हे कसबी कारागिराचे काम आहे.

डिस्क ब्रेकमध्ये ही सारी झीज वेगळ्या, बदलता येण्याजोग्या भागांवर ढकललेली असते. चाक शाबूत राहते. रोटर सहा स्क्रूंनी किंवा एका मोठ्या कड्याने हबला जोडलेला असतो आणि अर्ध्या तासाच्या आत बदलता येतो. शिमानोच्या रोटरवर किमान जाडी 1.5 मिलिमीटर असल्याचे बारीक अक्षरात कोरलेले असते. म्हणजे नव्या रोटरचे केवळ 0.3 मिलिमीटर धातू वापरण्यासाठी असते आणि ते डोळ्यांना कळत नाही. व्हर्निअर कॅलिपर किंवा मायक्रोमीटरनेच मोजावे लागते. पॅडच्या घर्षणद्रव्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरवर आली की पॅड टाकून द्यावा, असे शिमानो सांगते. त्यापलीकडे गेले की पॅडची धातूची पाठ रोटरवर घासते आणि थोडक्या वेळात पॅडसोबत रोटरचाही बळी जातो.

पॅडचे दोन मुख्य प्रकार. रेझिनचा पॅड शांत असतो, थंड असतानाही लगेच पकडतो, पण चिखलपाण्यात भराभर झिजतो. धातूची भुकटी दाबून बनवलेला पॅड उष्णता सोसतो आणि जास्त टिकतो, पण आवाज करतो आणि रोटर अधिक खातो. स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष करून धातूचे पॅड बसवले तर मऊ पोलादाचा रोटर पाहता पाहता संपतो. रिम ब्रेकची झीज सावकाश पण महागड्या भागावर होते. डिस्क ब्रेकची झीज भराभर पण स्वस्त भागांवर. या सूत्राला अट एकच : ते स्वस्त भाग जवळच्या दुकानात मिळाले पाहिजेत. डिस्कच्या पॅडांचे आकार कॅलिपरगणिक बदलतात. रिम ब्रेकचे रबर तालुक्याच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळते.

देखभालीतही हाच फरक दिसतो. रिम ब्रेकचा कारभार उघडा असतो. पॅड किती उरला, रिमवर बरोबर टेकतो की टायरला घासतो, केबलचे धागे तुटले आहेत का, हे उभ्या उभ्या दिसते. केबल सैल पडली तर लिव्हरजवळची चकती फिरवून ती ताणता येते. लक्षात ठेवायचे ते एवढेच की पॅड झिजत जातो तसा त्याचा टेकण्याचा बिंदू सरकतो. व्ही-ब्रेकमध्ये तो खाली तारांकडे जातो. म्हणून पॅड अधूनमधून पुन्हा जुळवावा लागतो. रिम ब्रेकची खरी अडचण खड्ड्यांची आहे. चाक जरा आऊट झाले की रिम पॅडला घासू लागते. डिस्कला चाकाच्या आऊटने काही फरक पडत नाही, पण रोटर वाकला तर तोच प्रकार होतो आणि फट इतकी अरुंद की अर्ध्या मिलिमीटरचा बाकही दर फेरीला किरकिरतो.

डिस्कचा दुसरा शत्रू म्हणजे तेल. साखळीवर मारलेल्या स्प्रेचे तुषार किंवा बोटांचे तेल रोटरवर गेले की पॅड ते शोषून घेतात आणि ब्रेक किंचाळतो, पकडत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढता येतो. तेल मुरलेला पॅड बहुधा फेकावाच लागतो. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, पूर्ण न थांबता पंधरा-वीस वेळा ब्रेक लावून ते बसवून घ्यावे लागतात. ही पायरी वगळली की नव्या ब्रेकची तक्रार घेऊन गिऱ्हाईक दुकानात परत येते.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड झिजेल तसा पिस्टन आपोआप पुढे सरकतो, त्यामुळे रोजची जुळवाजुळव नसते. पण म्हणूनच झीज हाताला जाणवत नाही. केबलच्या ब्रेकची लिव्हर सैल होऊन जो इशारा देते, तो इथे मिळत नाही. तेलाचे दोन पंथ आहेत. शिमानो, मागुरा आणि टेक्ट्रो खनिज तेल वापरतात. होप आणि स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट द्रव वापरतात. डॉट द्रव हवेतली आर्द्रता शोषतो, म्हणून तो ठराविक काळाने बदलावा लागतो, आणि सांडला तर रंग खातो. एकाच्या जागी दुसरे भरले तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. नळीत हवा शिरली की ब्लीडिंग करावे लागते. त्याला संच, योग्य तेल आणि सराव हवा.

पंक्चर काढताना सायकल उलटी उभी करणे ही इथल्या दुकानांची जुनी रीत आहे. तेलाच्या टाकीत थोडी हवा असेल तर उलट्या सायकलमध्ये ती नळीत जाऊ शकते आणि सरळ केल्यावर लिव्हर पोकळ लागते. चाक काढलेले असताना कोणी लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. दोन्ही चुका अगदी सवयीच्या हातांकडून होतात. यंत्रणेतला बिघाडही अचानक येतो. 2013 च्या डिसेंबरमध्ये स्रॅम कंपनीने रोड सायकलचे हायड्रॉलिक ब्रेक परत मागवले, कारण कडाक्याच्या थंडीत आतले सील दगा देत होते. त्यांत डिस्कबरोबर रिमचे हायड्रॉलिक ब्रेकही होते. दोष तबकडीचा नव्हता, हायड्रॉलिक यंत्रणेचा होता.

डिस्क ब्रेकने सायकलची सगळी बांधणी बदलली. थांबवण्याचे बल हबमधून तारांमार्फत रिमकडे जाते, म्हणून तारा एकमेकींना छेद देत विणाव्या लागतात. कॅलिपरमुळे चिमट्याच्या एका पायावर मोठा ताण येतो, म्हणून तो जाड करावा लागतो आणि आस घट्ट धरणारा आरपार एक्सल लागतो. या सगळ्याने वजन वाढते. बदल्यात रिमला ब्रेकच्या कामातून सुटका मिळते. ती अधिक हलकी किंवा रुंद करता येते आणि रुंद टायरला जागा होते.

शर्यतींच्या जगाने हा बदल स्वीकारला तो रिम आणि टायरच्या या फायद्यासाठीही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, 2015 मध्ये रोड शर्यतींत डिस्कची चाचणी सुरू केली. 2016 च्या पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान वेंतोसो या स्पॅनिश सायकलपटूने आपल्या पायाची जखम रोटरमुळे झाल्याचे सांगितले आणि चाचणी थांबली. ती पुन्हा सुरू झाल्यावर 2017 मध्ये मार्सेल किटेलने डिस्क ब्रेकच्या सायकलवर टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकला आणि जुलै 2018 पासून डिस्कला कायमची परवानगी मिळाली. त्यानंतर महागड्या रोड सायकलींवरून रिम ब्रेक जवळजवळ हद्दपार झाला. पण शर्यतीच्या संघामागे गाडीभर सुटे भाग आणि रोज रात्री सायकल तपासणारा मेकॅनिक असतो. त्यांच्या निवडीवरून रोज शाळेत किंवा कामावर जाणाऱ्याने आपली निवड ठरवणे म्हणजे हत्यार पाहून काम ठरवण्यासारखे आहे.

या सर्व विचारातून निष्कर्ष असा निघतो. सपाट शहरात किंवा गावात, मध्यम वेगाने, कमी खर्चात सायकल चालवणाऱ्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवरचा चांगला व्ही-ब्रेक आजही सर्वांत शहाणी निवड आहे. त्याचा दोष पावसात दिसतो, आणि थोडा आधी ब्रेक लावून व पॅड स्वच्छ ठेवून तो बराच आटोक्यात येतो. वर्षभर पावसाचिखलात, घाटातून, सामान लादून किंवा विजेच्या जड सायकलवर फिरणाऱ्याने हायड्रॉलिक डिस्क घ्यावी. मात्र जवळपास ब्लीडिंग करणारे दुकान आणि त्या कॅलिपरचे पॅड मिळतात याची खात्री आधी करावी. कार्बनच्या रिमवर उतार उतरायचा असेल तर डिस्कला पर्याय शोधू नये. घाट आणि पाऊस हवा, पण दुरुस्ती स्वतः करायची आणि दूरच्या प्रवासाला जायचे, अशांसाठी दोन्ही पॅड हलणारी दर्जेदार मेकॅनिकल डिस्क हा मधला मार्ग आहे. सर्वांत टाळण्यासारखी खरेदी म्हणजे स्वस्त सायकलवर दिखाव्यासाठी लावलेली हलकी मेकॅनिकल डिस्क. तिच्यात रिम ब्रेकचा साधेपणा नाही आणि हायड्रॉलिकची पकडही नाही.

ब्रेक कोणताही असो, महिन्यातून एकदा दहा मिनिटे काढून तो पाहावा : रिम ब्रेक असेल तर पॅडमधले खडे आणि रिमची खूण, डिस्क असेल तर पॅडची उरलेली जाडी आणि रोटरचा बाक. झिजलेला भाग वेळेत बदलला तर दोन्ही ब्रेक विश्वासाला उतरतात. न बदलल्यास दोन्ही सारख्याच धोक्याचे आहेत.